एकतीस डबे परत का आले नाहीत

मंडळी, ऐका! टाळ जरा थांबवा. पेटीचा भाता मिटा. आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्यायचं, मग आख्यान सुरू.

तुम्ही एका माणसाला जेवण दिलं. फुकट. गरम. स्टीलच्या डब्यातून, झाकण लावून. त्यानं ते खाल्लं, पोटभर खाल्लं. आणि डबा — परत केलाच नाही! आज नाही, उद्या नाही, दहा दिवस झाले तरी नाही. सांगा — तो चोर की नाही?

पहिल्या रांगेतल्या काकांनी मान हलवली. चोर! बायकांच्या बाजूला मात्र कुणी हललं नाही. बायका थांबल्या आहेत. डब्यांचा अनुभव त्यांना जास्त! असू द्या. काका, तुमचं उत्तर मी धरून चालतो. मध्येच बदलावंसं वाटलं तर हात वर करा, लाज बाळगू नका.

ही गोष्ट इचलकरंजीची. पुराणातली नाही. हिच्यात राजा नाही, ऋषी नाही, शाप नाही. एक टेम्पो आहे, एक थर्मामीटर आहे, आणि बिनदातांची एक म्हातारी आहे.

गावाबाहेर मोठा कारखाना. कारखान्याला कॅन्टीन. रोज दुपारी नऊशे माणसांचा स्वयंपाक. आता नऊशेंचा स्वयंपाक केला की नऊशे जेवतात का? छे! कुणाची रजा, कुणाचं पोट बिघडलेलं, कुणी घरून डबा आणलेला. आणि संकष्टीला तर विचारूच नका! निम्मा कारखाना उपाशी, आणि आज संकष्टी आहे हे आचाऱ्यालाच आठवत नाही. भाताची पातेली जशीच्या तशी! — मृदंगवाले, हसू नका, तुम्हीही संकष्टी धरता.

हे उरलेलं अन्न जायचं कुठं? डुकरं पाळणाऱ्या एका ठेकेदाराकडं. पिंपं भरून. मग गावातल्या चार निवृत्त माणसांनी कॅन्टीनच्या मॅनेजरशी बोलणं लावलं. म्हणाले, चांगलं अन्न आम्ही नेतो, गरजूंना देतो. मॅनेजर म्हणाला, न्या. पण एक दिवसही टेम्पो चुकला तर मला जमणार नाही, माझ्याकडं ठेवायला जागा नाही.

तर या चौघांत पुढारी कोण? सदानंद बेडगे. वय त्रेसष्ट. पस्तीस वर्षं दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी. दहा हजार लिटरचा टँकर फाटकात उभा, ड्रायव्हर घाम पुसतोय, आणि बेडगेसाहेब नळीत दोन थेंब बघून म्हणणार — "आंबूस. परत!" झालं. अपील नाही! पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही आंबलेला टँकर आत गेला नाही. हे मी कौतुकानं सांगतोय. अशी माणसं असतात म्हणून आपली लेकरं दूध पिऊन आजारी पडत नाहीत.

बेडग्यांनी व्यवस्था चोख लावली. बंद पडलेल्या एका मागाच्या शेडमध्ये जागा घेतली. सव्वादोनला टेम्पो यायचा. बेडगे प्रत्येक पातेल्यात थर्मामीटर घालायचे. साठ अंशांच्या खाली असेल तर पुन्हा उकळायचं, वास आला तर फेकायचं. प्लास्टिक नाही, पिशव्या नाहीत. कुणा दात्यानं स्टीलचे डबे दिले होते. घरटी दोन. एक घरात, एक शेडमध्ये. काल नेलेला डबा आज आणून द्यायचा, आज भरलेला न्यायचा. बरोबर तीनला शेडची खिडकी उघडायची. म्हणून त्या योजनेला सगळे 'खिडकी'च म्हणायला लागले.

खिडकीला लागून कांडीवाली चाळ. चाळीस घरं. पूर्वी तिथल्या बायका मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. माग गेले, कांड्या गेल्या, बायका राहिल्या. पहिल्या दिवशी चाळीसच्या चाळीस घरांनी डबे नेले. चपात्या, भात, मसुराची आमटी, आणि तिखट रश्शात बुडालेले तपकिरी गोळे.

ते गोळे बघून चाळ चक्रावली. सगळ्या आक्काताईंकडं गेल्या.

आक्काताई मगदूम कोण, ते सांगायला हवं. वय अडुसष्ट. तीस वर्षं त्यांनी खानावळ चालवली. मागावरचे चाळीस-पन्नास कामगार, दोन वेळ, रोज. भाकरी थापून थापून बोटांच्या रेषा गेल्या. अगदी खरंच गेल्या! रेशनच्या दुकानातल्या मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नव्हता. मशीन म्हणायचं, ही बाई ती बाई नव्हे! कार्ड आहे, नाव आहे, धान्य आलंय, पण अंगठा जुळत नाही. चार महिने फेऱ्या चालल्या होत्या.

घरात दोघीच. आक्काताई आणि त्यांची नणंद गंगाक्का. गंगाक्का एक्याऐंशी वर्षांच्या. तोंडात दात एक नाही, अंथरुणावरून उठायचं म्हणजे आधार लागतो. घरात धान्य काय? भाच्यानं गावाकडून आणून टाकलेलं ज्वारीचं एक पोतं. आता ज्वारीची भाकरी बिनदातांच्या माणसानं कशी खायची? म्हणून खिडकीतला तो मऊ भात आणि आमटी गंगाक्कासाठी काय होती, हे तुम्हीच समजा.

तर आक्काताईंनी तो गोळा बोटानं फोडून पाहिला. शेजारच्या हुसेन मुजावरांनी, पूर्वी मागांची दुरुस्ती बघणारे जॉबर होते ते, विचारलं, "काय हाय ओ आक्का?"

"कोबी हाय."

"मग असा तोंड झाकून का बसलाय?"

"कोबी हाय म्हनून कुनी खात न्हाई, म्हनून झाकलाय." आक्काताईंनी एक घास खाल्ला. तीस वर्षं खानावळ चालवलेल्या बाईचा घास! सगळे तोंडाकडं बघताहेत. म्हणाल्या, "मीठ बरुबर हाय. आचाऱ्याच्या हाताला चव हाय. खावा."

खाल्लं. रात्री डबे घासले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला चाळीस डबे खिडकीवर परत आले. काका, ऐकताय ना? चाळीसच्या चाळीस परत आले!

आता पुढं लक्ष द्या. खिडकीत बेडगे. पुढं आक्काताई. त्यांनी डबा ठेवला. बेडग्यांनी उचलला. हलका लागला नाही. झाकण उघडलं.

"हे काय?"

"चटनी. शेंगाची."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? डबा परत आनलाय न्हवं!"

माउली, हा संवाद पुन्हा ऐका. एक विचारतोय कशाला, दुसरी म्हणतेय डबा परत आणलाय. दोघंही मराठीच बोलताहेत! समोरच्या बायकांना कळलं, बघा, माना हलल्या. पोरांसाठी सांगतो. शेजारणीनं वाटीभर खीर दिली तर आपली आई ती वाटी तशीच परत पाठवते का? नाही. काहीतरी घालते. काही नसलं तर चिमूटभर साखर घालते. मोकळं भांडं परत पाठवत नाहीत. का? शास्त्र विचारू नका. मोकळं भांडं पाठवणं म्हणजे पुढचं येणंजाणं बंद, असा त्याचा अर्थ. आणि म्हाताऱ्या माणसांच्या लेखी त्याहून वाईट — तुमच्या घरात असंच मोकळं राहो!

बेडग्यांनी काय केलं? डबा कचऱ्याच्या बादलीवर धरला, उलटा केला, बुडावर दोन थापट्या मारल्या. उखळात कुटलेली मूठभर चटणी, बादलीत! म्हणाले, "आजी, बाहेरचा पदार्थ आत चालत नाही. डबा रिकामा आणायचा. धुऊन, रिकामा."

रागानं नाही हो! आवाज चढवला नाही. टँकर परत पाठवावा तसं सरळ. त्यांचा नियम खोटा होता का? नव्हता. कुणाच्या घरचं काय, किती दिवसांचं, कशात ठेवलेलं, काय ठाऊक? ते चाळीस घरांच्या जेवणात मिसळलं आणि उद्या कुणाला उलट्या झाल्या तर जबाबदार कोण? बेडगेच.

आक्काताईंनी भरलेला डबा घेतला, बाजूला झाल्या. मागची पुढं आली. तिच्या डब्यात गुळाचा खडा. बादलीत. त्याच्या मागं चार हिरव्या मिरच्या. बादलीत. मग साखर, मग मीठ लावलेल्या चिंचा. हुसेन मुजावरांच्या डब्यात दोन खजूर. एका घरात बहुतेक घालायला काहीच नसावं. त्या डब्यात तुळशीची चार पानं होती.

तीही बादलीत.

संध्याकाळी खिडकीवर पाटी लागली. खडूनं, स्वच्छ अक्षरात — 'डबा रिकामा आणावा. डबा न आणल्यास जेवण मिळणार नाही.'

आता जे घडलं ते जसं घडलं तसंच सांगतो. तिसऱ्या दिवशी आक्काताई आल्या नाहीत. त्यांच्या ओळीतली पाच घरं आली नाहीत. आठवडा संपेतो चाळीसातली सतरा घरं यायची बंद झाली. दहाव्या दिवशी आकडा एकतीस. एकतीस घरं जेवण सोडून बसली, आणि प्रत्येक घरात खिडकीचा एकेक डबा!

उरलेली नऊ घरं कोणती, जी रोज रिकामा डबा घेऊन येत होती? तिथं परगावचे एकटे कामगार राहायचे. त्यांच्या बाबतीत डबा रिकामा आला हे नवल नव्हतं — धुतलेला आला हे नवल होतं!

बेडग्यांनी काय अर्थ काढला? त्यांच्याजवळ जेवढं होतं त्यावरून जो निघतो तोच. डबे चांगल्या स्टीलचे. लोक गरीब. डबे परत नाहीत, माणसंही तोंड दाखवत नाहीत. खिडकीत उभं राहून सहकाऱ्याला ते बोलले, "भांडी चांगली दिली की अशी गत होते. भंगारात घातली असतील."

हे वाक्य चहाच्या वेळेपर्यंत चाळीत पोहोचलं. हुसेन मुजावर म्हणाले, "भंगारवाला? तो तर दोन वर्षं झाली आमच्या चाळीत आला न्हाई. इथं इकायला काय उरलं न्हाई, हे त्याला सायबाच्या आधी कळलंय!"

सगळे हसले. आक्काताई हसल्या नाहीत. त्यांनी फळीवरचा डबा काढला, पुन्हा एकदा राखेनं घासला, पुसला, पालथा ठेवला.

आणि गंगाक्का? त्या रोज तीनच्या सुमाराला विचारायच्या, "आक्का, आज भात न्हाई का गं?" आक्काताई म्हणायच्या, "आज आंबील प्या." ज्वारीचं पीठ आंबवायचं, ताक घालायचं, शिजवायचं. पोटाला थंड, बरी असते. पण एक्याऐंशीच्या माणसानं दोन्ही वेळ आंबिलीवर किती दिवस काढायचे?

इथं थांबतो आणि विचारतो. आक्काताईंचं बरोबर होतं का? स्वतःचा मान स्वतःच्या पोटावर सांभाळला असता तर मी काही बोललो नसतो. पण इथं पोट नणंदेचं होतं! डबा मोकळा नेऊन आपटला असता तर म्हातारीला भात मिळाला असता. मी त्यांना देवी करून मखरात बसवणार नाही. त्या अडून बसल्या होत्या, आणि त्याची किंमत अंथरुणावरची बाई मोजत होती. हेही तितकंच खरं.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, कॅन्टीनच्या मॅनेजरचा बेडग्यांना फोन. "साहेब, टेम्पोवाला सांगतोय की निम्मं अन्न तुमच्याकडूनही फेकलं जातंय. घेणारेच नसतील तर सोमवारपासून मी परत ठेकेदाराला देतो. उद्या दोन वाजेपर्यंत हो की नाही ते कळवा. नंतर माझ्या हातात नाही."

शनिवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी बेडगेसाहेब स्कूटर घेऊन निघाले. डबे आणायला पोतं घेतलं. मनात ठरवलं होतं — डबे गोळा करायचे, मॅनेजरला 'नाही' सांगायचं, खिडकी बंद करायची.

पहिलंच घर हुसेन मुजावरांचं.

"डबा आहे का?"

"हाय की. ह्यो काय." फळीवर पालथा. लखलखीत. बेडग्यांनी उचलून आत पाहिलं, नाकाला लावला. वास नाही. पस्तीस वर्षांचं नाक, त्यालाही काही सापडलं नाही!

"मग आणून का दिला नाहीत?"

"मी म्हनालो, जातो घेऊन. पन घरात म्हनतात, मोकळा न्यायचा न्हाई. आनि भरून न्यावा तर तुमी वततासा. मग सायेब, मी डबा घेऊन मधल्या रस्त्यावरच उभारू का?"

बेडग्यांना काही कळलं नाही. दुसरं घर. फळीवर डबा, पालथा. तिसरं घर. डबा, पालथा. चौथ्या घरी डब्यावर फडकंसुद्धा घातलेलं. एकानंही त्यात मीठ नाही भरलं, डाळ नाही भरली. इतक्या दिवसांत वापरलेलाच नाही! पोतं रिकामंच राहिलं. कारण प्रत्येक घरी शेवटी एकच वाक्य — "आक्काताईंना इचारा."

एक वाजून पस्तीस. आक्काताईंचं दार. मागं निम्मी चाळ.

"आजी, डबा द्या."

"बसा."

"बसायला वेळ नाही. दोनच्या आत मला फोन करायचाय. तुम्ही डबे दिले नाहीत, जेवायला आला नाहीत. सोमवारपासून सगळं अन्न डुकरांना जाणार. माझा दोष काय ते तरी सांगा."

आक्काताई म्हणाल्या, "तुमचा दोष न्हाई. तुमी धा दिस आमाला जेवायला घातलं असतं. असल्या मानसाच्या दारात मोकळा डबा न्हेऊन ठिवू? तुमचं वाईट चिंतू?"

मंडळी, बघा! ज्याला बेडगे चोरी समजत होते, ती त्यांच्यासाठी घेतलेली काळजी होती. त्यांच्या घरात काही उणं पडू नये म्हणून एकतीस घरं दुपारचं जेवण सोडून बसली होती.

काका, हात वर केलात? बरं झालं.

पण बेडगेही बेडगेच. म्हणाले, "आजी, भावना कळली. पण नियम मोडणार नाही. बाहेरचं अन्न आत घेतलं आणि कुणाला बाधलं, तर?"

"मोडू नका की! कोन म्हनतंय मोडा? माझ्या खानावळीतबी बाहेरचं आत येत नव्हतं. कामगार गावाकडनं कायबाय आनायचे. कुनी धपाटी, कुनी लाडू. माझ्या पातेल्यात एक कन मिसळू दिला न्हाई."

"मग? तुम्ही काय करायचा?"

"खायची. मी सोता. त्यांच्या म्होरं बसून."

बेडग्यांनी घड्याळ पाहिलं. मागून हुसेन मुजावर म्हणाले, "सायेब, एक इचारू? तुमी आमटीत ती काचेची नळी घालतासा. चाळीत पोरं म्हनतात, सायेब आमटीचा ताप बघतात. पन ती आमटी तुमी कवा खाल्लीया का?"

सगळी चाळ खुसखुसली. आणि बेडगे खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "नाही."

एकदाही नाही! आपण वाटतो ते अन्न त्यांनी मोजलं होतं, तपासलं होतं, हुंगलं होतं. चाखलं नव्हतं. का नव्हतं? बाहेरचं खायची सवय नाही, असं ते नंतर सांगायचे. त्यामागं आणखी काही होतं का, मला माहीत नाही. माहीत नाही ते मी सांगत नाही.

आक्काताई आत गेल्या. पावणेदोन. बाहेर आल्या तेव्हा हातात तोच डबा. आत आंबील. वर थोडं ताक, लसूण आणि मीठ.

"ही घ्या. मग डबा न्या."

बेडग्यांच्या नाकानं काम सुरू केलं. आंबूस! पस्तीस वर्षं ज्या वासाला 'परत' म्हणायचं शिकले, तोच वास! हात पुढं जाईना. आणि तेवढ्यात आतून, अंथरुणावरून, गंगाक्कांचा आवाज आला —

"दे गं आक्का. पावन्याला दे. माझी सांजच्याला कर."

आता सांगा! त्या डब्यात काय होतं, ते बेडग्यांना त्या क्षणाला कळलं. ते म्हातारीचं दुपारचं जेवण होतं. घरात दुसरं नव्हतं. चूल विझलेली दिसत होती.

माउली, तुम्ही काय कराल? पिऊन टाकाल? भुकेल्या म्हातारीच्या तोंडचं? की हात जोडून म्हणाल, नको आजी, तुम्हीच घ्या? किती शोभून दिसलं असतं ते! घरी येऊन बायकोला सांगता आलं असतं. चार माणसांत सांगता आलं असतं. पण तसं केलं असतं तर आक्काताईंच्या हातातला डबा दुसऱ्यांदा बादलीत गेला असता. फक्त या वेळी गोड बोलून!

बेडगे उभ्यानंच प्यायला लागले. आक्काताई म्हणाल्या, "बसून."

बसले. उंबऱ्याच्या आत, जमिनीवर. घोट घेतला. तोंड वाकडं झालं, हे चाळीतल्या सगळ्यांनी पाहिलं. दुसरा घोट. तिसरा. अर्ध्यावर थांबले तेव्हा वाटलं, उरलेलं आता परत देतात. नाही दिलं. तळाशी गेले. डबा खाली ठेवला.

आक्काताईंनी विचारलं, "मीठ?"

"थोडं जास्त आहे."

"व्हय. आज हात चुकला."

झालं! एवढंच बोलणं. दोन स्वयंपाक्यांत व्हावं तसं. मग आक्काताईंनी तो डबा नेला, घासला, पुसला आणि मोकळाच त्यांच्या हातात ठेवला. कारण डब्यातलं ज्याचं त्याच्या पोटात गेलं होतं. म्हणजे आता तो मोकळा नव्हता.

एक वाजून सत्तावन्न मिनिटं. बेडग्यांनी दारात उभं राहून फोन लावला. "मॅनेजरसाहेब, चालू ठेवा. चाळीस घरं. हो, चाळीस."

आणि मग — मंडळी, संकट त्यापुढं होतं! फोन ठेवून वळतात तर उरलेल्या तीस घरांच्या बायका डबे घेऊन उभ्या. आणि एकही डबा मोकळा नाही! साखर, गूळ, मिरचीचा ठेचा, चुरमुरे, कुणाच्या हातात उकडलेलं रताळं. बेडग्यांनी प्रत्येकातलं कणभर तोंडात टाकलं. ठेच्यालाही नाही म्हणाले नाहीत! त्या दिवशी त्यांनी घरी जेवायला नको म्हणून सांगितलं. रविवारीही जरा बेतानंच.

आता, माणूस आमूलाग्र बदलला वगैरे मी सांगणार नाही. बेडगे बदलले नाहीत. थर्मामीटर राहिला, साठ अंश राहिले, बाहेरचं अन्न पातेल्यापाशी आजही जात नाही. नियम एकही मोडला नाही, एक वाढवला. खिडकीच्या अलीकडं एक वेगळं ताट ठेवलं. परत आलेल्या डब्यांतलं जे काही असेल ते त्या ताटात. आणि त्या दिवशी वाढायला जो असेल, त्यानं वाटप संपल्यावर खाली बसून ते खायचं. दोन स्वयंसेवक या नियमावर सोडून गेले. बेडगे म्हणाले, जाऊ द्या.

त्याच दुपारी सव्वातीनला गंगाक्कांनी आमटी-भात खाल्ला. त्यानंतर त्या चौदा महिने होत्या.

तर मंडळी, सुरुवातीचा प्रश्न चोराचा होता. पण चोरी कुणी केली? डबे तर सगळे फळीवर होते. माणसाजवळ देण्यासारखं जे शेवटचं उरतं — चिमूटभर साखर, तुळशीची चार पानं — तेही त्याच्या हातातून काढून घ्यायचं आणि वर म्हणायचं, तू फक्त घे! याला काय म्हणायचं, ते काकांनाच विचारा. आता ते लवकर बोलणार नाहीत.

आणि आपलं काय? या देवळातून दर अमावास्येला पाकिटं वाटली जातात, मी फोटो पाहिलेत. चांगलं काम आहे. थट्टा करत नाही. देवळामागच्या पत्र्याच्या वस्तीत दोनशे पाकिटं जातात. आता मनाशी खरं सांगा. त्या वस्तीतल्या एका तरी घरी तुमच्यापैकी कुणी पाणी प्यालंय का? कारणं असतात, मला ठाऊक आहे. मला पथ्य आहे. मला साखर आहे. माझा आज उपास आहे. बेडग्यांना तर पस्तीस वर्षांचं नाक होतं, आपल्याला तेवढंही कारण नाही.

समितीला मी इथं येण्यापूर्वी एक अट घातली होती. ती त्यांनी तुम्हाला सांगितली नाही, मीच सांगू नका म्हणालो होतो. आजचा प्रसाद समितीनं केलेला नाही. तो मागच्या वस्तीतून आलाय. मुगाची खिचडी आणि शेवग्याच्या शेंगांची आमटी. त्या बघा, पातेली उतरवताहेत. वस्तीतल्या बायका दाराशी उभ्या आहेत. आत आलेल्या नाहीत. तुम्ही बसता की चप्पल शोधता, ते बघायला थांबल्यात.

मी कुणाला अडवणार नाही. कोण गेलं ते मागं वळून बघणारही नाही. टाळ ठेवा, पेटी झाका, हात धुऊन या. पत्रावळी मांडून झाल्यात.

पहिल्या पानावर मी बसतोय. शेजारचं पान मोकळं आहे. या!